'यायला नको' की 'येऊ नये'?

सहकाऱ्याला जरा आराम मिळावा म्हणून निरोप धाडला, 'यू मस्ट नॉट कम टुमॉरो'. माझ्या मनात होतं, 'उद्या यायलाच पाहिजे असं नाही'. त्याने वाचलं, 'उद्या फिरकू नकोस'. दोन दिवस घुश्शात होता. 'मस्ट' म्हणजे 'पाहिजे', मग 'मस्ट नॉट' म्हणजे 'पाहिजे असं नाही' का नाही?

— कारण तो 'नॉट' सक्तीला नाही, येण्याला चिकटतो. न येण्याची सक्ती! 'येऊ नये' म्हणजे 'मस्ट नॉट', 'यावं लागणार नाही' म्हणजे 'डोन्ट हॅव टू'. विषय संपला.

— इतक्यात? 'यायला नको'चं काय करता? आमच्याकडे त्याचा अर्थ सुट्टी. सासरी 'त्याने यायला नको' म्हणजे बंदी. आणि 'आता निघायला नको का?' म्हणजे तर निघायलाच हवं!

— 'त्याला यायला नको' ही सूट, 'त्याने यायला नको' ही मनाई. सगळी करामत 'ला' आणि 'ने'ची.

— गंमत बघा, 'शॅल'चा मूळ अर्थ देणं लागणे. आपणही देणं 'लागतो' आणि जावं 'लागतं'. कर्ज तेच कर्तव्य!

— ओढूनताणून. 'लागणे' हे 'लग्'वरून, म्हणजे चिकटणे. तुमचं कर्ज नंतर चिकटलं. 'पाहिजे'चं बोला, ते 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप आहे, 'करिजे', 'बोलिजे'सारखं.

— ते राहू द्या. हल्ली 'मी आत येऊ शकतो का?' कानावर येतं त्याचं आधी बघा. 'येऊ का?' एवढ्यात भागतं की! शाळेत मी 'कॅन आय कम इन' म्हटलं तर बाई म्हणाल्या, 'पायांना काय झालंय? मे म्हण.' आता तोच 'कॅन' मराठीत घुसलाय.

— 'शकणे' आपलंच आहे हो, संस्कृत 'शक्'पासूनचं.

— शब्द आपला, पण परवानगीचं काम त्याला इंग्रजीने लावलं.

— लोक बोलतात ती भाषा. तुम्ही दारात उभे राहा.

— अहो, माझा निरोप? 'शुड नॉट' लिहू?

— छे, तो उपदेश होईल. 'नीडन्ट' लिहा.

— 'नीडन्ट' आता बोलतं कोण? 'यू डोन्ट हॅव टू' बरं. आणि त्या बाईंचंही चुकलंच, परवानगीचा 'कॅन' आता कोशांनाही चालतो.

— कोशांना काय, काहीही चालतं.