मदत हवी आहे : अकरावीला माध्यम अभ्यास हा विषय घेण्याबाबत

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात राहतो आणि माझी मुलगी मराठी माध्यमातून दहावीत शिकत आहे. ‘तौक्ते’ वादळाच्या वेळी कुठल्यातरी दुसऱ्याच किनाऱ्यावरचा जुना व्हिडिओ आमच्या बंदराचा म्हणून मोबाईलवर फिरला होता आणि समुद्रात होड्या असलेली घरे रात्रभर घाबरून गेली होती. तेव्हापासून बातमी कोण तयार करतो, छायाचित्र कसे निवडले जाते, हे प्रश्न तिने सोडलेले नाहीत. १८३२ साली ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातील पोंभुर्ल्याचे, याचाही तिला मनापासून अभिमान आहे.

मात्र जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयांत हा विषय मिळत नाही. सीबीएसईमध्ये अकरावी-बारावीसाठी ‘मास मीडिया स्टडीज’ हा कौशल्य विषय आहे, तसेच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या उच्च माध्यमिक स्तरावर ‘जनसंचार’ आहे. आम्हाला दुसरा मार्ग परवडण्याजोगा वाटतो, कारण मुलीला इतक्यात घरापासून लांब ठेवण्याची आमची तयारी नाही.

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातून कोणी हा विषय घेतला असल्यास त्यांनी कृपया सांगावे, की मराठीतून शिकलेल्या मुलीला त्याची पुस्तके झेपतात का, प्रात्यक्षिकांसाठी मार्गदर्शन कोठे मिळाले आणि पुढे पदवीच्या प्रवेशात काही अडचण आली का. माध्यमिक शाळेत असे तास घेणाऱ्या शिक्षकांनी सुरुवात कशापासून करावी हे कळवल्यास या सुट्टीतच ती तयारीला लागेल.