मदत हवी आहे: आईवडिलांना सहा महिने भावाकडे पाठवायचंय, व्हिसा कसा काढायचा?

द्राक्षबाग_कवठे
नमस्कार मंडळी. आईवडिलांना सहा महिन्यांसाठी भावाकडे पाठवायचंय. टुरिस्ट व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो का, आणि शेतकऱ्याकडं आयटीआर नसेल तर काय जोडायचं, एवढं दोनच सांगा. ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. माल काढायला आलाय, व्यापारी रोज बागेत येतायत, त्यामुळं पुण्याला सारख्या चकरा मारणं मला शक्य नाही. वडील ६३, आई ५८. दोघांचे पासपोर्ट आहेत. कृपया लवकर सांगा, तारखा मिळत नाहीत म्हणे.

मिरजकर
भाऊ कुठल्या देशात? आणि पासपोर्ट आहेत ते ठीक, पण मुदत कधीपर्यंत आहे?

विश्रामबाग_काका
सहा महिने सहज मिळतात, काळजी करू नका. आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेला जाऊन आलो. डीएस-१६० फॉर्म भरायचा, फी भरायची, बोटांचे ठसे आणि मुलाखत मुंबईला. वकिलात बीकेसीत आहे. आम्ही मिरजेहून रात्रीच्या महालक्ष्मीनं गेलो, सकाळी सीएसएमटीला उतरलो. मुलाखतीला कागदांची फाइल न्या, पण ती कोणी उघडेलच असं नाही. प्रश्न विचारतात आणि तिथल्या तिथं सांगतात. एक लक्षात ठेवा. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. विमानतळावरचा अधिकारी किती दिवस देतो त्यावर राहणं ठरतं, साधारण सहा महिने देतात. वडिलांना सांगा, उत्तरं थोडक्यात आणि खरी द्यायची, मराठीत बोललं तरी चालतं.

द्राक्षबाग_कवठे
काका, आभारी आहे, पण अमेरिका नाही. भाऊ जर्मनीत आहे, स्टुटगार्टला. वहिनीचं बाळंतपण जुलैत आहे. आईला तिथं थोडं जास्त राहायचंय.

इस्लामपूरची_लेक
दादा, मी जर्मनीतच राहते, सासूसासरे येऊन गेलेत, म्हणून खात्रीनं सांगते. सहा महिने विसरा. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यात उतरायचा आणि निघायचा दिवसही धरतात. आजीआजोबांनी नातवासाठी सहा महिने यावं असा वेगळा व्हिसा जर्मनीकडं नाही. तिथं आल्यावर मुदत वाढवून मिळेल या भरवशावरही येऊ नका. दवाखान्यात दाखल असण्यासारखं गंभीर कारण असेल तरच वाढवतात, आणि बाळ लहान आहे हे कारण त्यात बसत नाही.

दुसरं म्हणजे अर्ज टुरिस्ट म्हणून करू नका. कुटुंबाला भेट हाच हेतू लिहा. भावाचं निमंत्रण, त्याच्या तिथं राहण्याच्या परवान्याची प्रत, घराचा करार आणि तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून काढलेलं हमीपत्र जोडा. हमीपत्र म्हणजे पाहुण्यांचा खर्च उचलण्याची अधिकृत हमी, साधं स्टॅम्पपेपरवरचं पत्र नव्हे. भावानं तिथं पगाराच्या पावत्या घेऊन स्वतः जायचं, २९ युरो भरायचे, आणि मिळालेली मूळ प्रत कुरिअरनं सांगलीला पाठवायची. भेटीची वेळ मिळायलाच काही शहरांत बरेच आठवडे जातात, त्यामुळं त्याला आजच वेळ मागायला सांगा.

फिरस्ता_सातारा
९० दिवसांचं एवढं मनावर घेऊ नका. ८५ दिवस झाले की आठवडाभर लंडनला किंवा तुर्कस्तानला जायचं, परत आत यायचं. मोजणी नव्यानं सुरू होते. माझ्या मित्राच्या आईवडिलांनी असंच केलं.

इस्लामपूरची_लेक
नाही हो, होत नाही. बाहेर पडल्यानं मोजणी थांबते, पुसली जात नाही. परत आत येताना मागचे १८० दिवस बघतात, त्यात आधीचे ८५ दिवस तसेच असतात. कृपया असं कोणाला सांगू नका, म्हातारी माणसं विमानतळावर अडकतील.

फिरस्ता_सातारा
ताई, मी ऐकीव सांगत नाही. मित्रानं केलंय आणि कोणी विचारलंसुद्धा नाही.

कृष्णाकाठ
कोणी विचारलं नसेल, कारण तेव्हा शिक्के बघून हातानं मोजायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात नवी नोंदणी सुरू झालीय. चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात जाते, एक दिवस जास्त झाला तरी दिसतो. शिवाय लंडनला जायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्याचा खर्च कोण करणार?

फिरस्ता_सातारा
बरं, मग ब्रिटनच बरं. तिथं सहा महिने मिळतात.

मिरजकर
भाऊ स्टुटगार्टला आहे, ब्रिटनला जाऊन काय करणार? मूळ प्रश्नावर या. आणि दादा, पासपोर्टची मुदत सांगितली नाहीत.

बागायतदार_तासगाव
आयटीआरचं मी सांगतो, कारण आमच्याकडंही सगळं उत्पन्न शेतीचं आहे आणि वडिलांना व्हिसा मिळाला. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळं आयटीआर नसणं हा काही गुन्हा नाही. पण "आयटीआर नाही" एवढं लिहून सोडून द्यायचं नाही. पैसा कुठून येतो आणि माणूस परत का येणार, हे दोन्ही कागदावर दिसलं पाहिजे.

सातबारा आणि आठ अ डिजिटल सहीचे काढा. पीकपाहणीत द्राक्ष लागलंय का बघून घ्या. आमच्या सातबाऱ्यावर कितीतरी काळ ऊसच दिसत होता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या पावत्या, जोडा, बेदाणा सांगलीला गेला असो की तासगावला. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. आणि एक पानी पत्र लिहा: इतके एकर बाग, वर्षाचं काम असं, खर्च इतका, पैसे या महिन्यात येतात.

आता महत्त्वाचं. पट्टी मार्च-एप्रिलमध्ये जमा झाली की खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार येतो, आपल्या खात्यात वर्षातून दोनदा भरती येते. बघणाऱ्याला वाटतं, व्हिसासाठी उसने पैसे आणून भरले. म्हणून त्या रकमेसमोर त्याच तारखेची पट्टी लावा आणि मागच्या वर्षीचंही विवरण जोडा, म्हणजे तेव्हाही याच महिन्यात असेच पैसे आलेले दिसतील. आमच्या वेळी याच गोष्टीनं काम झालं असं मला ठाम वाटतं.

द्राक्षबाग_कवठे
हे फार उपयोगी आहे दादा. पण सोसायटीचं पीककर्ज आहे, ते दाखवायचं की नाही?

बागायतदार_तासगाव
सातबाऱ्यावर बोजा दिसतोच, लपवायचं कशाला? पीककर्ज सगळ्यांचं असतं. पत्रात एक ओळ लिहा, दरवर्षी घेतो आणि फेडतो.

सांगली_व्यापारपेठ
एवढं कशाला करता? कोल्हापुरात माझ्या ओळखीचा एजंट आहे, सगळी फाइल तोच बनवतो. हॉटेल बुकिंग, विमानाचं तिकीट, सगळं. तुम्ही फक्त पुण्याला बोटं द्यायला जायचं.

द्राक्षबाग_कवठे
एजंट नको. मागच्या वर्षी असंच एकाकडं दिलं होतं आणि दोघांचाही व्हिसा नाकारला.

मिरजकर
दादा, हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. नकाराच्या कागदावर कुठल्या कारणापुढं खूण आहे?

द्राक्षबाग_कवठे
दोन ठिकाणी आहे. मुक्कामाच्या हेतूची माहिती विश्वासार्ह नाही, आणि मुदतीआधी परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका. एजंटनं पॅरिस, बर्लिन फिरायला जाणार असं लिहिलं होतं. भावाचा उल्लेखच नव्हता.

इस्लामपूरची_लेक
मग सगळं उलगडलं. तिशी-पस्तिशीतला मुलगा जर्मनीत राहतोय आणि आईवडील म्हणतात आम्ही हॉटेलात उतरून बर्लिन बघणार, यावर कोण विश्वास ठेवेल? तुमच्या आईवडिलांचं काही चुकलेलं नाही, फाइल खोटी बनली होती. १ जुलै २०२५ पासून जर्मनीनं नकारावर फेरविचार मागायची जुनी सोय बंद केलीय, त्यामुळं नवा अर्ज हाच सरळ रस्ता. जुना नकार लपवता येत नाही, शेंगेनच्या नोंदीत तो पाच वर्षं राहतो. पत्रात स्वच्छ लिहा: मागचा अर्ज चुकीच्या हेतूनं भरला गेला, खरं कारण नातवंड, मुलाचं घर हे आणि हमीपत्र हे.

कृष्णाकाठ
परत येण्याच्या इराद्यावर एक सुचवतो. तुमच्याकडं सगळ्यात भक्कम पुरावा बागच आहे. ऑक्टोबरात फळछाटणी, ती वडिलांशिवाय होत नाही, असं लिहा. नोकरदार रजेचं पत्र जोडतो, तसं हे. आमच्या एका पाहुण्यांनी छाटणीच्या टोळीला दिलेल्या उचलीची पावतीसुद्धा जोडली होती.

बागायतदार_तासगाव
बरोबर आहे, पण ऑक्टोबर सगळ्यांना लागू नाही. आगाप, म्हणजे लवकरचं पीक, धरणारे सप्टेंबरातच छाटतात. त्यांची छाटणी कधी, ते आधी विचारा.

कृष्णाकाठ
आगाप छाटून पावसात डाऊनी रोगाला बाग बळी देणारे कमी नाहीत. ऑक्टोबरच धरा.

बागायतदार_तासगाव
दरही आगापलाच मिळतो, दादा. त्यावर वेगळं बोलू.

द्राक्षबाग_कवठे
आमची छाटणी दसऱ्याच्या आगंमागं, ऑक्टोबरातच असते. एप्रिलची खरड छाटणीही वडील असतानाच उरकेल. म्हणजे जून अखेर ते सप्टेंबर जमेल.

इस्लामपूरची_लेक
मग २८ जूनला उतरले तर २५ सप्टेंबर हा नव्वदावा दिवस. मी म्हणेन दोनचार दिवस हातचे राखून परतीचं तिकीट काढा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. तुम्ही पट्ट्या जमा झाल्यावर एप्रिलच्या शेवटी अर्ज केलात तर दोन्ही साधतं. फी माणशी ९० युरो आणि वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च. केंद्र पुण्यात आहे, मुंबईला जायची गरज नाही. दोघांनी स्वतः जायला हवं, ठसे द्यायचे असतात.

सौ_गावभाग
ठशांवरून आठवलं. माझ्या वडिलांच्या बोटांच्या रेषा शेतात काम करून झिजल्या होत्या, मशीन घेतच नव्हतं. आठवडाभर आधीपासून खुरपं आणि औषधाचा पंप हातात घेऊ देऊ नका, रात्री खोबरेल लावा. आणि विमा! ३०,००० युरोचं संरक्षण लागतंच, पण आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत. गोळ्या तीन महिने पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्या. आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू नेणार असाल तर तूप चालत नाही म्हणतात, खरं का?

इस्लामपूरची_लेक
खरं आहे ताई. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा काही नाही. आंबेही नकोत. भडंग, शेंगदाण्याची चटणी, बेदाणा बिनधास्त आणा. लाडू इथं येऊन करता येतील, तूप इथं मिळतं.

जुना_सातारकर
कंदी पेढे मी दोनदा नेलेत, कोणी अडवलं नाही.

इस्लामपूरची_लेक
काका, ज्यांना एकदा नकार मिळालाय त्यांनी ही जोखीम घेऊ नये एवढंच म्हणते.

मिरजकर
तिसऱ्यांदा विचारतो. पासपोर्टची मुदत?

द्राक्षबाग_कवठे
आईचा २०३१ पर्यंत आहे. वडिलांचा येत्या नोव्हेंबरात संपतोय. परत सप्टेंबरातच येणार ना, म्हणून लिहिलं नव्हतं.

मिरजकर
इथंच अडलं असतं. शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू हवा, म्हणजे डिसेंबर अखेरपर्यंत. आधी वडिलांचा पासपोर्ट नवा करा. आपण पुणे पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज घेतात, त्यामुळं आत्ताच करता येईल. पोलीस पडताळणी लागली तर ठाण्यात वडिलांना हजर राहावं लागेल, तेवढा वेळ धरा.

द्राक्षबाग_कवठे
आज रात्रीच अर्ज भरतो. भावालाही हमीपत्र करून टाकायला सांगितलंय.

मिरजकर
थांबा, त्याला वेळ घेऊन ठेवू दे, पण कागद करू देऊ नका. हमीपत्रावर पाहुण्याचा पासपोर्ट नंबर लिहितात. वडिलांचा नवा नंबर हातात आला की त्याला पाठवा, मगच त्यानं कार्यालयात जावं. आईचा आहे तोच चालेल.