पेठेतल्या मिसळीला ‘मोठी जागा घ्या’ म्हणणाऱ्यांना

पाहुणा_पुणे: कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतली सहा बाकांची गाजलेली मिसळ लोकांनी उगाच डोक्यावर घेतली आहे. लांब रांग, पावाऐवजी स्लाइस ब्रेड, कट इतका जहाल की चव कळत नाही, आणि बाराला पातेलं रिकामं. एवढं नाव झालंय तर मोठी जागा घ्या की!

शिवाजीपेठकर: शेवटचं वाक्य वाचून राहवेना. अहो, जागा वाढवून मटकी वाढत नाही. रविवारची मटकी शनिवारी पहाटे भिजते. आठ तासांनी उपसून फडक्यात बांधली की मोड यायला आणखी बारा तास. थंडीत तेवढ्यातही येत नाहीत, शुक्रवारी रात्रीच भिजवावी लागते. रांग वाढली म्हणून साडेदहाला नवी मटकी येणार कुठून? बिनमोडाची घातली तर पहिली शिवी तुम्हीच घालाल. आणि ब्रेडचं म्हणाल तर इथं मिसळीबरोबर स्लाइसच. कडेमुळे कटात बुडवला तरी हातात राहतो.

गंगावेस_७: मटकीचं मान्य. पण ‘चव कळत नाही’ हे खोटं नाही, भावा. साडेआठची मिसळ आणि साडेअकराची मिसळ एक नसते. कट आटला की गार पाणी ओततात. वाटण तळाला बसतं, वर नुसतं लाल तिखट पाणी.

शिवाजीपेठकर: सगळ्यांना एका मापानं मोजू नका. गरम पाणी आणि परतलेलं वाटण बाजूला ठेवणारे आहेत. दोन्ही घालून दहा मिनिटं उकळलं की कट जागेवर येतो.

गंगावेस_७: आहेत, पण किती? वाढणारा पळी तळापर्यंत घालतो का, एवढंच बघा. वरवरची तर्री काढून देणारा पहिल्या वीस गिऱ्हाइकांना खूश करतो, बाकीच्यांना फसवतो.

मसाला_डंक: दोघंही पाण्यावरच अडकलात. कट बिघडतो फोडणीत. तेल कडकडीत असताना कांदा-लसूण चटणी टाकली की मिरची जळते, रंग काळपट होतो आणि घशाला ठसका लागतो. त्यालाच लोक तिखट समजतात. आच बंद करून, तेल जरा निवल्यावर चटणी, लगेच वाटण, मग गरम पाणी. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. नुसती तिखट मिरची घातली की भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस सगळं मरतं.

पाहुणा_पुणे: म्हणजे माझीच तक्रार खरी ठरली ना? मग एवढं अंगावर कशाला येता?

शिवाजीपेठकर: ठसक्याची खरी. जागेची नाही, ब्रेडची तर मुळीच नाही! आणि तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, ‘कट वेगळा द्या’. आधी उसळ-बटाटा, वर एक पळी कट, फरसाण शेवटी. तीन मिनिटांत ते मऊ पडतं, फोटो काढत बसू नका. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईची गर्दी असते, रविवारी बाहेरगावच्या गाड्या. बाकीच्या दिवशी साडेआठच्या आत या. गाडी बिंदू चौकात लावा. गल्लीत घातलीत तर दुधाच्या सायकलीसुद्धा अडतात.

पाहुणा_पुणे: येईन साडेआठला. पण पातेल्यात किती उरलंय हे रांगेतल्या शेवटच्या माणसाला सांगायला काय जातं?

गंगावेस_७: हे मात्र बरोबर बोललात. तासभर उभं करून ‘संपली’ म्हणणं चुकीचंच.

शिवाजीपेठकर: तेवढं मान्य. पाटी लावायला पाहिजे.