मदत हवी आहे: साखळी अर्धवट असतानाच प्रथिनाची घडी कशी बसते?

नमस्कार मंडळी,

अँफिन्सन यांचा रायबोन्यूक्लिएज या प्रथिनावरचा प्रयोग बहुतेकांना माहीत असेल. युरियाने उलगडलेलं प्रथिन युरिया काढल्यावर आपोआप मूळ आकारात आलं, आणि १९७२ चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं.

माझं घोडं अडलंय ते जिवंत पेशीपाशी. परीक्षानळीत अमिनो आम्लांची अख्खी साखळी मोकळी असते. पेशीत ती रायबोसोममधून (प्रथिन बनवणाऱ्या यंत्रातून) एका टोकाने बाहेर सरकते, जिवाणूंमध्ये सेकंदाला साधारण १५-२० अमिनो आम्लं या वेगाने. रायबोसोममधून बाहेर पडायचा बोगदा इतका अरुंद की ताजी ३०-४० आम्लं आतच असतात. म्हणजे ज्या बीटा पट्टीला (साखळीच्या ताणलेल्या तुकड्याला) शेपटाकडच्या पट्टीशी जुळायचंय, तिची जोडीदार अजून तयारच नाही! तोवर तिचा जलविरोधी भाग उघडा, आणि बाहेर तर इतर रेणूंची ही गर्दी. ट्रिगर फॅक्टर हा मदतनीस प्रथिन बोगद्याच्या तोंडाशी बसून तो भाग झाकतो, पुढे डीएनएके हा दुसरा मदतनीस सांभाळतो, इथवर समजलं.

पण डीएनएकेची पकड एटीपीच्या (पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) चक्रावर चालते, आतल्या घडीवर नाही. मग साखळी वेळेआधी सुटली तर? पुन्हा पकड, पुन्हा सोड, असं जमेपर्यंत चालतं का? आणि ग्रोईएल या आणखी एका मदतनीस प्रथिनाचा पिंजरा नुसता आडोसा देतो की घडी बसायला हातभारही लावतो? मला हा दुसरा प्रश्न जास्त छळतोय.

तेच अमिनो आम्ल देणारा पण सावकाश वाचला जाणारा कोडॉन (जनुकाच्या संदेशातला तीन अक्षरी शब्द) आला की घडी बदलू शकते, हे वाचून तर मी थक्क झाले. यावर प्रत्यक्ष काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. गणित आलं तरी चालेल.