बाबांच्या रिपोर्टमध्ये टी(९;२२) आलंय, ताईची आणि माझी तपासणी करायची का?

वारणाकाठचा

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज लिहायची वेळ आली.

बाबा ५८ वर्षांचे. दिवाळीपासून वजन उतरत होतं, दोन घास खाल्ले की पोट गच्च. डॉक्टरांनी पोट चाचपलं तर डावीकडे प्लीहा हाताला लागली. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी १ लाख ८४ हजार. मग बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी झाली. निदान सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. गोळी सुरू करू, घाबरू नका, एवढंच डॉक्टर बोलले. पुढची भेट गुरुवारी.

मॅरोचा रिपोर्ट काल व्हॉट्सॅपवर आला. त्यात एक ओळ आहे: ४६,एक्सवाय,टी(९;२२)(क्यू३४;क्यू११.२)[२०].

गोची अशी की रविवारी ताईच्या लग्नाची बैठक आहे. आत्याचं म्हणणं, "गुणसूत्रातच खोट आहे म्हटल्यावर पोरांत उतरणारच, आधी तपासा नाहीतर लोकांना काय तोंड दाखवायचं?" त्यात रक्त न्यायला आलेल्या मुलाने मुलांसाठीचं 'जेनेटिक पॅकेज' सुचवलं, अठरा हजारांचं. ताई कालपासून जेवलेली नाही. कुणी ही ओळ मराठीत समजावेल का?

काचपट्टी

मी याच कामात आहे, बारा वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रंच मोजते. डॉक्टर नाही, तेव्हा उपचारांचं गुरुवारी विचारा. ओळ मात्र वाचून दाखवते.

४६ म्हणजे संख्या बरोबर. टी म्हणजे ट्रान्सलोकेशन, दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले, इथे ९ आणि २२ नंबरच्या. क्यू म्हणजे गुणसूत्राची लांब भुजा; ३४ आणि ११.२ हे तिच्यावरचे पट्टे, सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखे. शेवटचे २० म्हणजे वीस पेशी पाहिल्या आणि विसांतही हेच दिसलं.

पण त्या वीस पेशी कुठल्या? मॅरोतल्या. बाबांच्या कातडीतल्या पाहिल्या असत्या तर नुसतं ४६,एक्सवाय आलं असतं. ही अदलाबदल जन्मजात नाही. मॅरोतल्या एका मूळ पेशीत ती कधीतरी झाली आणि त्या एकीचीच पिल्लावळ माजली. शुक्रपेशींत ती नसते, त्यामुळे मुलांकडे जायला वाटच नाही. ताईची तपासणी नको, तुमचीही नको. अठरा हजार वाचवा.

१९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना अशाच रुग्णांच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र दिसलं. नॉवेल यांनी पेशी नळाच्या पाण्याने धुतल्या, त्या फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी दिसू लागली! शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. तुमच्या रिपोर्टात खाली 'पीएच पॉझिटिव्ह' असेल तर ते हेच. तुकडा गळून गेला असंच तेव्हा वाटत होतं. पुढे शिकागोच्या जॅनेट राऊली घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून जोड्या लावत बसायच्या. मुलं चिडवायची, आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून. त्यांच्या लक्षात आलं की २२ चा हरवलेला तुकडा ९ ला चिकटलाय. ते १९७३ मध्ये छापून आलं.

या अदलाबदलीत ९ वरचं एबीएल हे जनुक २२ वरच्या बीसीआरला जाऊन जुळतं. त्या जोडीतून बनणारं प्रथिन पेशीला सतत 'वाढ, वाढ' सांगत राहतं. बाबांना बहुधा इमॅटिनिब देतील, ते नेमकं याच प्रथिनाला अडवतं.

अबोली

थांबा हं. माझ्या वहिनीचे तीन गर्भपात झाले तेव्हा दोघांची तपासणी केली. दादाच्या रिपोर्टात ट्रान्सलोकेशनच लिहिलं होतं आणि डॉक्टर म्हणाले, मुलांत जाऊ शकतं. मग हे वेगळं कसं?

काचपट्टी

प्रश्न रास्त आहे, आमच्याकडे शिकायला येणारी मुलंही इथेच अडखळतात. शब्द एकच, गोष्टी दोन. तुमच्या दादाची अदलाबदल जन्मापासून अंगातल्या प्रत्येक पेशीत आहे, म्हणून पुढच्या पिढीत जाऊ शकते. ती रक्तातल्या निरोगी लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढवून पाहतात. वारणाकाठचांच्या बाबांची फक्त रोगट पेशींत आहे.

कॅन्सर झाला की जनुकांत बिघाड असतोच, पण तो आईबापांकडून आलेला असतो असं नाही. स्तनांच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए-१ आणि २ या जनुकांतला दोष वारशाने येतो, तिथे बहिणी-मुलींची तपासणी करण्यात अर्थ आहे. लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमातही काहींच्या बाबतीत तसंच. सीएमएल त्यांतला नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांत किरणोत्सर्गामुळे तो वाढलेला दिसला. एरवी बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही.

जुना भिडू

मी नऊ वर्षं या रोगासोबत आहे. रोज इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत, वर मोठा ग्लास पाणी. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ ठरलेली. सकाळी डोळे सुजतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. ट्रॅक्टर मीच चालवतो.

दोन गोष्टी सांगतो. पेशी नॉर्मलला आल्या म्हणून गोळी मनाने सोडू नका. बरं वाटतंय म्हणून सोडणारे मी पाहिलेत. आणि बीसीआर-एबीएलची पीसीआर (त्या जोडीचं रक्तातलं प्रमाण मोजणारी तपासणी) सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमधून करा. तीन महिन्यांनी आकडा १० टक्के किंवा खाली, वर्षाने ०.१ च्या खाली आला की डॉक्टर खूश.

खर्चाचं म्हणाल तर मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची. तिचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ ला नाकारलं; मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही त्या खटल्यात उभी होती. जेनेरिक मागा.

वारणाकाठचा

सगळ्यांचे आभार. गुरुवारी डॉक्टरांनीही तेच सांगितलं, मुलांची तपासणी नको. जांभळ्या झाकणाच्या नळीत पीसीआरचं रक्त दिलं, गोळी त्याच रात्री सुरू झाली.

बैठकीत मी काही लपवलं नाही, काचपट्टीताईंचा सातबारा तस्सा सांगितला. मुलाच्या वडिलांनी रिपोर्टचा फोटो मागून घेतला, ओळखीच्या डॉक्टरला दाखवून कळवतो म्हणाले. अजून फोन नाही. आत्या सगळं मान डोलावत ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "ते सगळं खरं, पण बावीस नंबर आमच्याकडचा की तुझ्या आईकडचा?" ताई तेवढ्यापुरती हसली, मग दोन भाकऱ्या खाल्ल्या.

काचपट्टीताई, याचं उत्तर असेल तर तेही लिहा. आत्या रोज विचारते.