पाझर तलावावर मासेमारीसाठी हवेची बोट: जाड कापडाची घ्यावी की हलकी?

गळवाला, लातूर

लातूर, बीड, धाराशिवकडच्या पाझर तलावांवर आणि साठवण तलावांवर गळाने मासे धरण्यासाठी हवेची बोट घेणारे बहुतेक जण किंमत पाहून साध्या व्हिनाइलची, म्हणजे नुसत्या प्लास्टिकची हलकी बोट मागवतात, आणि माझ्या मते तिथेच फसतात. आपल्या तलावांत वेडी बाभूळ आहे. दुष्काळी वर्षी तळ उघडा पडला की ती बुडीत क्षेत्रात माजते, सरपणासाठी लोक ती कुऱ्हाडीने तिरपी तोडून नेतात आणि पुढच्या पावसात त्या टोकदार खुंटांवर पाणी चढते. पाणी ओसरू लागले की हेच खुंट पृष्ठभागाखाली वीतभर अंतरावर येतात आणि गढूळ पाण्यात दिसत नाहीत. मरळ नेमकी अशाच झुडपांच्या आडोशाला असते, त्यामुळे ‘काटे टाळून मासेमारी करा’ हा सल्ला घरात बसूनच देता येतो.

साध्या व्हिनाइलला आतून विणीचा आधार नसतो, म्हणून बोटीच्या हवा भरून ताणलेल्या नळीला गेलेला छेद पुढे फाटत जातो. दोन पीव्हीसी थरांमध्ये पॉलिएस्टरची वीण असलेल्या कापडात तो विणीपाशी अडतो. म्हणून 0.9 मिमी जाडीचे विणीचे कापड, सुमारे अडीच मीटर लांबी, किमान तीन स्वतंत्र हवाकप्पे, प्लायवुडची तळफळी आणि वल्ही एवढे पाहून बोट घ्यावी, असे माझे मत आहे. मोटारीचा विचारही करू नये, कारण मोटारीसाठी 12 व्होल्टची, 25 किलोंच्या आसपास वजनाची बॅटरी भरावावरून खाली कोण नेणार?

माजलगावकर

बॅटरी जड म्हणून नको, मग 25 किलोंची जाड कापडाची बोट कशी चालते, याचेही उत्तर आपण द्यावे. माजलगाव किंवा मांजरा धरणावर गाडी पाण्यापर्यंत जाते. पाझर तलावावर गाडी बांधावर उभी राहते आणि पुढे कधी पिचिंगचे (बांधाच्या उतारावर रचलेले) दगड, कधी गुडघाभर काळा गाळ असतो. त्या गाळातून तळफळीसह बोट ओढत नेण्यासाठी दोन माणसे लागतात, आणि सकाळी पाच वाजता सोबत येणारा दुसरा माणूस रोज मिळत नाही. आठ-दहा किलोंची हलकी बोट मी खांद्यावर टाकून एकटा नेतो.

शिवाय पाणी किती महिने असते, याचाही विचार हवा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात आपण चौपट किमतीची बोट घ्यायला सांगत आहात. बरीच लहान तळी होळीनंतर डबकी होतात. मग ती महागडी बोट पत्र्याच्या खोलीत पडून राहते, उन्हाळ्यात पीव्हीसी घड्यांवर कडक होते आणि उरलेले काम उंदीर करतात. स्वस्त बोट दोन हंगामांनी टाकून दिली तरी जीव हळहळत नाही.

पूर्णाकाठ, हिंगोली

टाकून द्यायची हे ठीक आहे, परंतु तळ्याच्या मध्यभागी एकमेव कप्पा फुटल्यावर हळहळायला माणूस शिल्लक राहिला पाहिजे. बोट हलकी असो वा जाड, कप्पे वेगळे असणे आणि अंगावर लाईफ जॅकेट असणे ही पहिली अट धरावी.

उन्हाचा मुद्दा मात्र दोघांच्याही बोलण्यातून सुटला आहे. सकाळी 25 अंश तापमानात 0.2 बार दाबाने भरलेली नळी काठावर उन्हात ठेवली आणि आतली हवा 55 अंशांपर्यंत तापली, तर कापड फारसे ताणले न गेल्यास दाब 0.3 बारच्या वर जातो, म्हणजे दीडपटीहून अधिक होतो. डिंकाने चिकटवलेली शिवण अशा वेळी उघडते. माझ्या बोटीची एप्रिलमध्ये काठावर उभ्या उभ्याच उघडली आणि विक्रेत्याने ‘वापर चुकला’ म्हणून हात वर केले. त्यामुळे जाडीचा आकडा विचारण्याआधी शिवण उष्णतेने वितळवून जोडलेली आहे का, हे विचारावे. काठावर हवा कमीच भरावी, बोट पाण्यात टाकल्यावर थंड होऊन सैल पडते, तेव्हा पंपाने उरलेली भरावी. गडद रंगाची बोट तर आपल्या उन्हासाठी घेऊच नये.

तराफेवाला, परभणी

आमच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे तलावाचा ठेका आहे आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर आहोत, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. बोट कोणती हे ठरवण्याआधी तलाव कोणाच्या ठेक्यात आहे, याची चौकशी करावी. त्यात बीज आम्ही पैसे देऊन सोडलेले असते. रोहू-कटला फुकटचा नसतो. पैठणच्या नाथसागरावर तर बोट नेण्याचा विचारही करू नये, ते 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे.

आता बोटीविषयी. आम्ही थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी टाकतो, त्याला काटा लागून काही बिघडत नाही. मात्र त्यावर तोल सांभाळणे हे नवख्याचे काम नव्हे, म्हणून हौशी माणसाने हवेची बोट घेतली तर माझी हरकत नाही. तुमच्या वादात खुंटांचीच चर्चा झाली, परंतु हलक्या बोटीला त्याहून मोठा शत्रू वारा आहे. सपाट बुडाची रिकामी बोट दुपारच्या वाऱ्यात पानासारखी फिरते, नांगर टाकला तर तो आमच्या जाळ्यात अडकतो आणि ओढत नेला तर शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारींच्या केबलवर जातो. उन्हाळ्यात या केबली पाण्यावर तरंगत असतात, जोड उघडे असतात. तिथे बोट नेऊच नये. या बाबतीत मी लातूरकरांच्या बाजूचा आहे: वजनदार बोट वल्ह्याला दाद देते.

माजलगावकर

वाऱ्याचा मुद्दा मान्य, परंतु मी नऊच्या आत काठावर आलेला असतो. आणि जाड कापडाच्या भरवशावर राहणाऱ्यांनी शिंगटी बोटीत घेऊन पाहावी: पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे ताठ करून ती नळीला घासली की 0.9 मिमीचीही परीक्षा होते. मी तळाशी दुहेरी गोणपाट टाकतो आणि मासा थेट झाकणाच्या बादलीत सोडतो.

गळवाला, लातूर

गोणपाट मीही टाकतो. फरक एवढाच की जाड कापडाला लावलेले ठिगळ माझ्याकडे टिकून आहे, आणि व्हिनाइलची चकती पुढच्या उन्हात सुटते. गाळाचे म्हणाल, तर तळफळी काढून बोट गुंडाळून दोन खेपांत न्यावी, एकट्याने होते. त्याला वेळ लागतो, हे मात्र खरे.