लिनक्सवर सी++ साठी कोणता आयडीई (कोड लिहायचं-चालवायचं सॉफ्टवेअर) घ्यावा?

प्रश्न: गेल्या महिन्यात डेबियन लिनक्स टाकलं. लॅपटॉप जुना, रॅम जेमतेम ४ जीबी. सी++ शिकतोय, तीन-चार फाइल्सचे छोटे प्रोग्राम. एक भलाथोरला आयडीई टाकून पाहिला. तो उघडेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरायला होतं. ब्रेकपॉइंट लावून (हव्या त्या ओळीवर प्रोग्राम थांबवून) डीबग करता, म्हणजे चुका शोधता आलं पाहिजे, एवढीच अट. काय वापरू?

उत्तर १: जीनी (Geany) टाक. हलका आहे, एफ९ दाबलं की बिल्ड, एफ५ ने रन. डीबगिंगसाठी शेजारच्या टर्मिनलमध्ये जीडीबी हा डीबगर. कंपाइल करताना -जी (-g) हा पर्याय द्यायला विसरू नकोस, नाहीतर ओळ क्रमांकच दिसत नाहीत. (मी हे विसरून एक अख्खी संध्याकाळ जीडीबीला शिव्या घातल्या आहेत.)

उत्तर २: विम हा एडिटर! ८.१ आवृत्तीपासून टर्मडीबग (विममधूनच जीडीबी चालवायची सोय) सोबतच येतो. आधी विमट्यूटर (विम शिकवणारा धडा) चालव, अर्ध्या तासात हात बसेल.

उत्तर ३: अर्ध्या तासात फार तर विममधून बाहेर पडायला शिकेल. व्हीएस कोड चांगला आहे, पण तो इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे पोटात क्रोमियम हा अख्खा ब्राउझर. ४ जीबीत सोबत ब्राउझर उघडला की स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर डिस्क वापरणं) सुरू. मोठे प्रोजेक्ट आले की बघ.

प्रश्नकर्ता: जीनी आणि जीडीबी जमलं. बॅकट्रेस (कुठून कुठल्या फंक्शनमध्ये गेलो त्याची यादी) घेतला तर सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावून प्रोग्राम कोसळणं) कशाने होतो ते सापडलं: लूपमध्ये < च्या जागी <= होतं. विम रविवारी.

उत्तर २: कुठला रविवार ते सांगितलं नाहीस.